दुर्खवेक्सेल्न : पाती भिडण्याआधीच बाजू पालटण्याची जर्मन रीत

जर्मन लांब तलवारीच्या जुन्या विद्येत एक डाव असा आहे, की तो नीट साधला तर दोन पाती एकमेकांना लागतच नाहीत. प्रतिस्पर्धी आपल्या तलवारीला धडक देऊन ती बाजूला सारायला येतो. त्याचे पाते आपल्या पात्याला लागणार तेवढ्यात आपण टोक खाली सोडतो, त्याच्या पात्याखालून पलीकडे नेतो आणि दुसऱ्या बाजूने त्याच्या छातीत रोवतो. त्याची धडक रिकाम्या हवेत जाते. जर्मन भाषेत या डावाला ‘दुर्खवेक्सेल्न’ म्हणतात. ‘दुर्ख’ म्हणजे आरपार आणि ‘वेक्सेल्न’ म्हणजे पालटणे, म्हणून या लेखात मी त्याला ‘पालट’ असेच म्हणणार आहे. हा डाव हाताच्या चपळाईचा आहे असे पाहणाऱ्याला वाटते, आणि शिकायला लागल्यावर पहिली दोन वर्षे माझाही तोच समज होता. प्रत्यक्षात हात दोन आठवड्यांत तयार होतो. समोरच्याचा वार आपल्या तलवारीवर आहे की अंगावर, हे ओळखणारी नजर मात्र सावकाश तयार होते, आणि ती तयार नसताना केलेला पालट म्हणजे स्वतःचे डोके समोरच्याच्या वाराखाली आपणहून नेऊन ठेवणे होय. म्हणून पुढच्या मार्गदर्शनात हाताच्या हालचालीला जेवढी जागा दिली आहे, तेवढीच या ओळखीलाही दिली आहे.

जुनी पोथी काय सांगते

ही परंपरा योहानेस लिख्टेनाउअर या चौदाव्या शतकातील उस्तादाच्या नावाने चालते. त्याने आपली विद्या यमक जुळवलेल्या, मुद्दाम गूढ ठेवलेल्या पद्यांत बांधली. पुढच्या पिढ्यांनी त्या पद्यांवर टीका, म्हणजे अर्थ उलगडणारी विवेचने, लिहिल्या आणि आपल्याला आज जे कळते ते मुख्यतः त्या टीकांमधून. न्यूर्नबर्गच्या जर्मन राष्ट्रीय संग्रहालयातील ३२२७अ हे हस्तलिखित परंपरेने १३८९च्या सुमाराचे मानले जाते, रोममधील एक महत्त्वाची पोथी १४५२ सालची आहे आणि जिगमुंड रिंगेकच्या नावाची टीका ड्रेस्डेनला जपलेली आहे. या टीकांप्रमाणे लांब तलवारीच्या विद्येचे सतरा मुख्य भाग आहेत. त्यांतले पहिले पाच खास वार असून बाकीच्या बारांमध्ये पवित्रे, वार मोडणे, पाठलाग, भिडंतीतून पाते फिरवणे असे विषय येतात. पालट हा त्या बारांपैकी एक.

मूळ पद्य अवघ्या चार ओळींचे असून त्याचा आशय असा, की पालट शीक, दोन्ही बाजूंनी जोराने भोसक, आणि जो तुझ्या तलवारीला भिडायला येईल त्याला पालट लगेच गाठेल. टीकाकार त्यात एक मोलाची भर घालतात : ज्यांना वार थोपवायला फार आवडते आणि जे अंगाच्या उघड्या जागेवर वार न करता तलवारीवर वार करतात, अशा उस्तादांविरुद्ध हा डाव वापरावा. म्हणजे हा डाव एका विशिष्ट चुकीची शिक्षा आहे. समोरच्याने ती चूक केलीच नाही, तर हा डाव लागूच होत नाही. आजच्या सरावात मला दिसणारे निम्मे फसलेले पालट हे एवढे एक वाक्य विसरल्यामुळे फसलेले असतात.

आधी सुरक्षेचे

पालटातला टोकाचा वार खालून वर चढत येतो, आणि म्हणूनच तो इतर वारांपेक्षा धोक्याचा आहे. मुखवट्याखाली गळ्यावर लोंबणारे जाड कापडाचे आवरण वरून किंवा समोरून येणारे टोक अडवते, परंतु खालून आलेले टोक त्या कापडाखाली सहज शिरते. एकदा माझेच टोक जोडीदाराच्या छातीवरून घसरून असे आत गेले होते. त्याने मुखवट्याखाली कडक गळपट्टा बांधलेला होता म्हणून तो नुसता खोकला आणि आम्ही दोघे काही वेळ गप्प बसलो. त्या दिवसापासून गळपट्टा नसलेल्या माणसाबरोबर मी हा सराव हळू गतीतही करत नाही. त्याखेरीज तलवारबाजीचा मुखवटा, ३५० किंवा ८०० न्यूटन क्षमतेचे जाड जाकीट, बोटांसह मनगट झाकणारे भक्कम हातमोजे आणि कोपरांचे संरक्षण हवे. तलवार ‘फेडर’ प्रकारची, म्हणजे धार नसलेली, टोक गुंडाळलेले किंवा रुंद केलेले असलेली आणि टोकाकडे सहज वाकणारी असावी. न वाकणाऱ्या बोथट तलवारीने टोकाचे वार पूर्ण वेगात करू नयेत. लाकडी तलवारही वाकत नाही, त्यामुळे तिच्यावर हालचाल शिकावी, पण टोक अंगाला लावू नये.

हालचाल कशी घडते

वर्णन उजव्या हाताने लढणाऱ्या दोघांसाठी आहे. उजवा हात मुठीवर आडव्या दांडीजवळ असतो आणि डावा हात मुठीच्या शेवटच्या लोखंडी गोळ्यापाशी. आपण तलवार उजव्या खांद्यावर उभी धरली आहे; या पवित्र्याला ‘फोम टाग’ म्हणतात. अंतर एवढे, की एक पाऊल टाकल्याशिवाय कोणाचाच वार पोचणार नाही. आता आपण उजवे पाऊल पुढे टाकत वरून तिरका, हात लांबवून वार करतो. हा वार खराच असला पाहिजे आणि समोरच्याने काहीच केले नाही तर तो त्याच्या डोक्याला लागलाच पाहिजे. कबड्डीत चढाई करणारा हुलकावणी देतो तसे येथे करायचे नाही. हूल ही आपण आधीच ठरवून दिलेली खोटी बतावणी असते, तर पालटात खरा वार निघालेला असतो आणि समोरच्याच्या उत्तरामुळे त्याचा मार्ग बदलतो.

समोरचा त्याच्या उजव्या खांद्यावरून आपल्या पात्यावर वार करतो. त्याची उजवी बाजू म्हणजे आपली डावी, त्यामुळे त्याचे पाते आपल्या डावीकडून येते आणि आपले पाते उजवीकडे ढकलू पाहते. ते लागण्याआधी आपण टोक खाली जाऊ देतो. यासाठी उजवा हात जवळजवळ आहे तिथेच ठेवावा आणि डाव्या हाताने मुठीचा गोळा किंचित वर उचलावा. तरफेसारखी क्रिया होऊन टोक आपोआप बुडते. टोक बुडवायला दोन्ही हात खाली नेण्याची किंवा छातीकडे ओढण्याची गरज नसते. टोकाचा मार्ग चंद्रकोरीसारखा असतो : उजवीकडून खाली, पात्याखालून डावीकडे आणि पुन्हा वर. समोरच्याच्या पात्याच्या टोकाकडच्या भागाखालून जायचे असेल तर एक वीत खाली जाणे पुरते. त्याच्या हातांच्या जवळून जावे लागले तर जास्त खाली जावे लागते आणि तेवढाच वेळ जास्त जातो.

महत्त्वाची गोष्ट अशी, की ही चंद्रकोर सपाट कागदावर काढल्यासारखी नसावी. टोक खाली जात असताना, पलीकडे जात असताना आणि वर येत असताना सतत पुढेही सरकत असले पाहिजे, जसा स्क्रू फिरता फिरता लाकडात शिरतो. नवशिका आधी पालटतो, मग क्षणभर थांबतो आणि मग भोसकतो. त्या थांबण्यात समोरच्याची तलवार परत येते. ३२२७अ हस्तलिखितात वारांविषयी एक सुंदर उपमा आहे : टोकाला दोरी बांधलेली असावी आणि ती दोरी टोकाला जवळच्या उघड्या जागेकडे ओढत असावी, इतके ते सरळ जावे. पालटताना हीच दोरी मनात धरली, तर टोक फार बाहेर भरकटत नाही.

टोक पलीकडे पोचताच मूठ उजवीकडे आणि वर, साधारण कानाच्या उंचीवर न्यावी, टोक मात्र त्याच्या छातीवर किंवा चेहऱ्यावर रोखलेले राहू द्यावे. यामागचे कारण नीट समजून घेतले पाहिजे. पालट झाल्यावर त्याची तलवार आपल्या पात्याच्या उजवीकडे असते, आणि तो सावध असेल तर ती तिथूनच परत येईल. मूठ उजवीकडे असेल तर तिच्या वाटेत आपल्या पात्याचा मुठीजवळचा जोरकस भाग आणि आडवी दांडी उभी राहते. मूठ मध्ये किंवा खाली राहिली तर टोक लागते खरे, पण त्याचे पातेही आपल्या डोक्याला लागते. याच वेळी डावे पाऊल तिरके, डावीकडे पुढे टाकावे, म्हणजे त्याचा वार ज्या दिशेला वाहून चालला आहे त्याच्या उलट दिशेला आपले अंग जाते. समोरच्याने त्याच्या डाव्या बाजूने वार केला तर हे सर्व आरशातल्याप्रमाणे उलटे करायचे. पद्यात दोन्ही बाजू सांगितल्या आहेत, आणि जो एकाच बाजूने पालटतो त्याचा अंदाज समोरच्याला तिसऱ्या फेरीत येतो.

सरावाचा क्रम

सुरुवात उभ्या जागी करावी. जोडीदार तलवार लांब पुढे धरून स्थिर उभा राहतो. आपणही टोक त्याच्या चेहऱ्यावर रोखून उभे राहतो. या लांब टोकाच्या पवित्र्याला ‘लांगओर्ट’ म्हणतात. आता फक्त टोक त्याच्या पात्याखालून पलीकडे आणि परत आणावे, पात्याला स्पर्श न करता, दोन्ही बाजूंनी वीस-वीस वेळा. खांदे सैल आहेत ना आणि उजवा हात वरखाली होत नाही ना, एवढेच या टप्प्यात पाहावे. जोडीदाराने आपल्या उजव्या मनगटाकडे लक्ष ठेवून ते हलल्यास सांगावे, कारण स्वतःला ते कळत नाही.

दुसऱ्या टप्प्यात जोडीदार सावकाश, परंतु खऱ्या हेतूने आपल्या पात्यावर धडक देतो. हा प्रकार टीकांमध्येच दिलेला आहे : डावा पाय पुढे, टोक चेहऱ्यावर, आणि समोरचा तलवारीला वरून किंवा खालून मारून बाजूला सारू पाहतो तेव्हा टोक खाली बुडू द्यावे आणि पलीकडून भोसकावे. येथे कानाचा उपयोग करावा. ‘खण्‌’ असा आवाज आला तर पालट उशिरा झाला. आवाज न येता जोडीदाराचे पाते वाहून गेले आणि त्याचा तोल किंचित पुढे झुकला, तर वेळ बरोबर साधली. आवाज येत नाही, पण जोडीदाराने वार अर्ध्यावरच आखडता घेतला, तर पालट लवकर झाला आणि त्याने तो पाहिला. उशिरापेक्षा लवकर होण्याची खोड जास्त चिवट असते, कारण सरावात पुढे काय येणार हे माहीत असते. म्हणून जोडीदाराने धडक देण्याआधी वेगवेगळा वेळ थांबावे आणि अधूनमधून धडक द्यायचीच नाही. न आलेल्या धडकेला ज्याने पालट केला त्याची चोरी तिथल्या तिथे उघडी पडते.

तिसऱ्या टप्प्यात खांद्यावरून निघालेल्या पूर्ण वारातून पालटावे. चालत्या वाराला टोकाच्या वारात वळवणे सुरुवातीला जड जाते, कारण वाराच्या वेगामुळे तलवार खाली कोसळू पाहते. वार हात लांबवून, टोक पुढे ठेवून केला तर हे वळण सोपे होते. टीकांमध्येही वार लांब करण्यावर भर आहे, त्याचे एक कारण हे असावे असे मला वाटते.

वार कोणावर आहे

आता या डावाचा खरा गाभा येतो, आणि येथे घाई करू नये. समोरचा वार करतो तेव्हा मनाशी एकच प्रश्न विचारायचा : माझी तलवार तिथे नसती, तर त्याचे टोक कुठे पोचले असते? माझ्या डोक्यावर पोचले असते तर तो वार अंगावर आहे, आणि तेव्हा पालट केल्यास दोघेही मरतात. अशा वेळी त्याच्या वाराला आपल्या वाराने किंवा टोकाने अडवूनच पुढे जायचे. त्याचे टोक माझ्या समोरून हवेत निघून गेले असते तरच तो वार तलवारीवर आहे आणि पालटाला वाव आहे.

हा प्रश्न लढतीत विचारायला वेळ नसतो, म्हणून त्याचे उत्तर डोळ्यांना आधी शिकवावे लागते. त्यासाठी मला सर्वांत उपयोगी पडलेला सराव तलवार न उचलताच करायचा आहे. मुखवटा, गळपट्टा, हातमोजे घालून, तलवार अंगालगत खाली सोडून उभे राहावे. जोडीदार पोचण्याच्या अंतरावर येऊन मध्यम गतीने कधी खरोखर मुखवट्यावर हलका वार करतो, तर कधी आपली तलवार जिथे असती त्या जागेवर धडक देतो. आपण वार सुरू होताच ‘अंग’ किंवा ‘पाते’ असे मोठ्याने म्हणायचे. पहिल्या दिवशी दहातले सहा बरोबर आले तरी पुष्कळ. हळूहळू लक्षात येते, की पात्यावर येणाऱ्या माणसाचे हात शरीराजवळ राहतात, खांदे आडवे फिरतात आणि पाऊल आखूड पडते, तर अंगावर येणाऱ्याचे हात लांबतात आणि टोक सरळ वाढत वाढत मोठे दिसू लागते. जुन्या पद्यांतही ही खूण दडलेली आहे : ‘शीलहाउ’ या वाराच्या पद्यात सांगितले आहे, की समोरचा आखूड लढत असेल तर पालट त्याला जिंकतो, आणि टीकाकार ‘आखूड’चा अर्थ देतात तो असा, की वार करताना त्याचे हात लांबत नाहीत.

डोळे तयार झाले की हाच खेळ तलवारीसह खेळावा. जोडीदार आपल्या मर्जीने अंगावर किंवा पात्यावर येतो. पात्यावर आला तर पालट, अंगावर आला तर आपला वार चालू ठेवून त्याच्या पात्यावर वरचढ व्हायचे. दहा फेऱ्यांत एकदाही दोघांना एकदम लागले तर गती कमी करावी.

पाती भिडलीच तर

वेळ चुकते आणि पाती भिडतात. तेव्हा पालटाची वेळ टळलेली असते, त्यामुळे तोच हट्ट धरून टोक खाली ओढू नये. भिडंतीत समोरच्याचा जोर हातांना जाणवतो. या जाणिवेला ‘फ्यूलेन’ म्हणतात. तो फार जोराने बाहेर ढकलत असेल तर ‘त्सुकेन’, म्हणजे तलवार झटक्यात वर ओढून पलीकडून वार करणे, हा त्यावरचा वेगळा डाव आहे. दोहोंची गल्लत फार होते. पालट भिडंतीच्या आधीचा आणि पात्याखालून जाणारा, तर त्सुकेन भिडंतीनंतरचा आणि वरून जाणारा, एवढा फरक पक्का ठेवावा.

दुहेरी पालट आणि शिवण्याचा आव

समोरचा चपळ असेल तर त्याला पलीकडून येणारे टोक दिसते आणि तो ते मारायला तलवार उलट फिरवतो. म्हणजे त्याने तीच चूक पुन्हा केली. टीका सांगतात, की मग पुन्हा पालटावे, आणि तो तलवारीमागे धावत राहील तोवर हे करत राहावे. प्रत्यक्षात दुसरा पालट पहिल्याहून लहान असतो, कारण आता आपले हात लांबलेले आणि टोक जवळ पोचलेले असते. मनगटाचा किंचित हेलकावा पुरतो. तिसऱ्याची वेळ मला क्वचितच आली आहे, कारण तोवर अंतर इतके कमी होते की कुस्तीला सुरुवात होते.

‘क्रुम्पहाउ’ या वाराबरोबर येणारा एक प्रकार अनुभवी लोकांनी जरूर करून पाहावा. समोरचा उजव्या खांद्यावरून वार करत असताना आपण हात आडवे टाकून त्याच्या तलवारीवर क्रुम्पहाउने भिडणार असा आव आणायचा, परंतु भिडायचे नाही. टोक त्याच्या पात्याखालून न्यायचे, मूठ डोक्यावर उजवीकडे वळवायची आणि चेहऱ्यावर भोसकायचे. मुठीची शेवटची जागा वर सांगितलेल्या मूळ पालटासारखीच आहे, त्यामुळे तो पक्का असेल तर हा सहज जमतो. तलवारबाजीचा उस्ताद योआखिम मायर याने १५७० साली श्ट्रासबुर्गला छापलेल्या ग्रंथात मात्र चित्र बदललेले दिसते : तोवर जर्मन आखाड्यांतून लांब तलवारीने भोसकणे जवळपास बाद झाले होते, त्यामुळे तिथे अशा पालटाचा शेवट बहुधा वाराने होतो. भोसकण्यास मनाई असलेल्या स्पर्धेत उतरणाऱ्यांनी तो मार्ग धरावा.

आपल्यावर पालट येऊ नये म्हणून

पालट शिकताना जोडीदाराची भूमिका करणारा माणूस चूक करण्यात पटाईत होत जातो, ही या सरावाची वाईट बाजू आहे. प्रत्येक वेळी पात्यावर धडक देऊन देऊन ती सवय त्याच्या अंगी मुरते. म्हणून प्रत्येक सत्राच्या अखेरीस भूमिका अशा बदलाव्या, की एकाने पालटायला यावे आणि दुसऱ्याने त्याच्या तलवारीकडे न पाहता जवळच्या उघड्या जागेवर वार करावा. पद्यांतच म्हटले आहे, की जवळच्या जागेवर हवा तो वार कर, मग कोणताही पालटणारा तुझ्या ढालीच्या आत येणार नाही. डोक्यावर किंवा अंगावर खरा वार येत असताना जो टोक खाली नेतो, त्याच्या हातात त्या क्षणी अडवायला काहीच नसते. वार थोपवणे भागच पडले, तर टोक समोरच्यावर रोखून ठेवूनच थोपवावे. त्याचे पाते निसटून खाली गेले तरी आपले टोक पुढे उभे असते आणि त्याला त्यावरच येऊन आदळावे लागते. हा उलटा सराव दहा मिनिटे केला, की पालटणारा पुढच्या फेरीत दोन वार जास्त थांबतो आणि समोरच्याच्या हातांकडे पाहू लागतो.